रिठदचं निळं वावर

अमरावतीहून निघताना कॅमेऱ्याची पेटी ह्यांनी स्वतः बांधली. दोन भिंगांचा तो कॅमेरा जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळला, रिळांची डबी माझ्या पातळांच्या घडीत खोचली आणि तिपाईला सुतळी आवळत म्हणाले, "थंडीत भिंगावर बाष्प धरतं. बाहेर काढलास की जरा हवेत राहू दे." हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. कुसुमशी, आमच्या लेकीशी, काय बोलायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. टांगा दाराशी आला तेव्हा एवढंच म्हणाले, "जमलं तर घेऊनच ये तिला."

आमचं अमरावतीला फोटोचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले त्या काळी घरंदाज बाया परपुरुषासमोर फोटोला बसत नसत, म्हणून ह्यांनी मला हे काम शिकवलं. तेव्हापासून बाळंतिणी, लग्न ठरलेल्या मुली, तीर्थाला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्या माझ्यासमोर बसत आल्या. झाडापाखरांचे फोटो काढायला लागले ते मात्र उशिरा, मुलं घराबाहेर पडू लागल्यावर. थोरला अरविंद कानपूरला गिरणीत नोकरीला लागला, त्या हिवाळ्यात मला पहाटेच जाग यायची आणि डबा करायला कुणी नसायचं. एकदा तशीच उठले, कॅमेरा घेतला आणि वडाळीच्या तलावावर गेले. धुक्यात एक बगळा उभा होता. तो हलेपर्यंत मीही उभी राहिले. घरी परतताना ध्यानात आलं, की तेवढा वेळ मी कुणाचीच काळजी केली नव्हती. पुढे कुसुमचं लग्न झालं, धाकटा वसंत नागपूरला वसतिगृहात गेला, आणि दर हिवाळ्यात माझ्या तलावाच्या खेपा वाढत गेल्या. शेजारणी म्हणायच्या, पोरं गेली आणि हिनं पाखरं धरली. म्हणोत बापड्या. पाखरांना माझ्याकडून काही नको असायचं, आणि त्या दिवसांत मला तेच बरं वाटायचं.

ह्या वेळी निघाले ती पाखरांसाठी नव्हे. कुसुम वाशीमकडे रिठदला दिली आहे. ह्यांचं मूळ घराणं त्याच बाजूचं, शेतकऱ्यांचं, म्हणून ती सोयरीक जुळली. तिचा पहिला मुलगा आमच्या घरी जन्मला. तीन महिन्यांचा झाल्यावर आम्ही त्याचा फोटो काढला, टोपडं-कुंची करून दिली आणि मायलेकरांना सासरी पोचवलं. पावसाळ्याच्या शेवटी, भाद्रपदात, तापाचं निमित्त होऊन ते बाळ गेलं. निरोप आला तेव्हा पैनगंगेला पूर होता आणि काळ्या मातीच्या रस्त्यांवर मोटारी बंद होत्या. रस्ते उघडले तर मी विषमज्वराने अंथरुणाला खिळले. दसऱ्याला हे एकटेच जाऊन आले. आल्यावर पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाले, "बोलत नाही ती." पौषात अंगात त्राण आलं आणि मी निघाले.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून कारंज्याच्या छोट्या गाडीत बसले. ही गाडी इतकी सावकाश चालते, की डब्यातली दोन माणसं उतरून रुळाकडेच्या बोरी झोडपून पुन्हा चढली आणि कुणाला त्यात नवल वाटलं नाही. दोन्ही बाजूंना पराटी (कपाशी) फुटली होती. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून ओळींमधून पुढे सरकत होत्या. ज्वारीवर आलेली पाखरं हाकायला माळ्यावर उभं राहून कुणी डबा वाजवत होतं. ऊन कोवळं होतं, सावल्या लांब होत्या. एरवी माझा हात पेटीकडे गेला असता. त्या दिवशी गेला नाही.

कारंज्याला मोटार मिळाली. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पण स्टँडवरच्या पाटीवर अजून जुन्याच राज्याचं नाव होतं. ड्रायव्हरला कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "राज्य बदललं असंन बाप्पा, रस्त्यातले गड्डे तेच हायेत." ते गड्डे मोजत आम्ही शेलूबाजारला पोचलो आणि तिथे मोटारीच्या तोंडातून वाफ निघायला लागली. किन्नर (क्लीनर) बादली घेऊन विहिरीकडे गेला. ड्रायव्हर लिंबाखाली आडवा झाला. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या भेल्या, घोंगड्या, सगळं मांडलेलं. मी एका बोरंवालीच्या शेजारी सावलीत बसले. म्हातारीच्या तोंडात दात फारसे नव्हते, पण नजर धारदार होती. तिने माझ्या पेटीकडे हनुवटीने खूण केली.

"काय हाये वं माय ह्याच्यात?"

"कॅमेरा. फोटो काढते मी. झाडांचे, पाखरांचे."

"मानसाईचे नाई?"

"माणसांचे दुकानात काढते."

"मंग पाखराईचे काहून? पाखरं येतेत का फोटो मागाले?"

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. तुमचा काढू का म्हणून विचारलं, तर तिने पदर तोंडावर ओढला. "नोको वं माय. मी मेल्यावर पोरं भिताडावर टांगतीन, अन् मले रोज पाहा लागीन त्याईच्याकडे. जितेपनी काय कमी पाह्यलं?" मग बोरं निवडता निवडता विचारलं, "कोठी चालली?"

"रिठदला. लेकीकडे."

"लेकरंबाळं हायेत का लेकीले?"

मी पेटी मांडीवर ओढून घेतली. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं विचारलं नाही. पिकली, लालसर बोरं वेचून माझ्या पदरात टाकली. मी नको म्हणाले तर माझा हात बाजूला सारला. "तुले नाई देऊन राह्यली. लेकीले ने." मोटार सुरू झाली तेव्हा ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत होती. मला निरोपही घेता आला नाही.

वाशीमला जावई दमणी (हलकी बैलगाडी) घेऊन आले होते. किसनराव मुळातच अबोल. पाया पडले, सामान ठेवलं, माझ्यासाठी कडब्यावर घोंगडी अंथरली आणि बैल हाकायला लागले. तुरीची शेतं फुलाशेंगांनी वाकली होती. पश्चिमेला ऊन तांबडं होत चाललं होतं. शेवटी मीच विचारलं, "कुसुम कशी आहे, किसनराव?"

"हाये."

थोड्या वेळाने, पाठ न वळवता म्हणाले, "काम लय करते. काम नसलं तरी करते."

ऊन सरता सरता घर आलं.

कुसुम अंगणात भांडी घासत होती. मला पाहून उठली, राखेचे हात तसेच मागे धरून वाकली. वाळली होती. लग्नाआधी हीच मुलगी माझी तिपाई खांद्यावर घेऊन वडाळीला पुढे पळायची आणि "आई, हळू बोल, उडतील" म्हणून मलाच दटावायची. आता म्हणाली, "आलीस? वाटेत हीव (थंडी) लागलं असंल. तुले चहा टाकते." तुले, असं म्हणाली. आपण तसं बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. मला वाटलं होतं, मी जवळ घेईन आणि ती रडेल. तिने मला चहा दिला, बोरं घेतली, धुऊन ताटलीत ठेवली आणि उरलेली भांडी घासायला गेली.

संध्याकाळी चुलीपाशी जेवायला बसलो. सोल्याची भाजी (ओल्या तुरीच्या दाण्यांची), ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. विहीणबाई मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. दिवसभर गड्यांवर ओरडत असतात. पण कुसुम पाण्याला गेली तेव्हा त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"इहीनबाई, न्या तिले काही दिस. अठी तिले जिथं तिथं तेच दिसते. पाळणा मी मायावर (माळ्यावर) टाकला, तं त्या खुंटीकडे पाहात बसते. मले सुदरत नाई काय करावं."

"ती येईल का?"

"तुमी माय हाय. तुमाले नाई म्हनंन का?"

मी विचारलं, तेव्हा कुसुम म्हणाली, "वेचणी सुरू आहे, आई." एवढंच. मी पुन्हा विचारलं, तर पोळपाट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडू लागले. घरात बसून तिच्या पाठीकडे पाहणं मला सोसत नव्हतं. गावाबाहेर एक तलाव आहे. काठावर बाभळी, पलीकडे हरभऱ्याची वावरं (शेतं). पहिल्या दिवशी पोचले तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. नुसती धुक्याची दुलई पसरलेली. मी तिपाई उभी केली, पेटी उघडून कॅमेरा हवेत ठेवला आणि बाभळीखाली बसले. हातांची बोटं बधिर झाली होती. मग कुठूनतरी वरून आवाज आला, बैलगाडीचं चाक कुरकुरावं तसा. करकोचे येत होते. थवाच्या थवा धुक्यातून खाली उतरला, लांब पाय पुढे टाकून, आणि पाण्याच्या काठाशी उभा राहिला. राखी अंग, काळी मान, डोळ्यांमागे पांढरी पिसं. हिमालयापलीकडून येतात म्हणे ते.

मी काचेत पाहिलं. आमच्या कॅमेऱ्यात वरून पाहावं लागतं आणि काचेवर डावं उजवीकडे दिसतं. डाव्या बाजूला चालणारा पक्षी काचेत उजवीकडे जातो. सुरुवातीला त्याने डोकं फिरतं, पुढे त्याचंच सुख वाटायला लागतं. हे जग ओळखीचं असतं आणि नसतंही. त्यात श्वास रोखून थांबायचं, धुकं किती विरलं ते पाहायचं, एखादा पक्षी मान वर करील म्हणून वाट बघायची. मी वाट बघत होते. सूर्य बाभळींच्या वर आला, पाण्यावरून वाफ निघायला लागली आणि एका करकोच्याने पंख उघडले. मी खटका दाबला. तेवढा वेळ माझं नातवंड गेलं नव्हतं, असं म्हणत नाही मी. गेलंच होतं. पण ते दुःख माझ्या शेजारी शांतपणे बसून होतं, अंगावर येत नव्हतं.

असे काही दिवस गेले. हरभऱ्याच्या वावरात एक बाई रोज पहाटे धोतराचं फडकं झाडांवरून ओढत जायची आणि भिजलं की तांब्यात पिळायची. ही हरभऱ्याची आंब, पोटदुखीवर देतात. तिने मला बोटभर चाखायला दिली. इतकी आंबट की डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "कुसुमची माय नं तुमी? चेहरा तोच हाये." मग जरा घुटमळली. "लय गुनाचं लेकरू होतं." आणि फडकं घेऊन पुढच्या ओळीला लागली.

त्या दिवशी परतताना मी नेहमीची वाट सोडून नाल्याच्या कडेने आले. ऊन चांगलं वर आलं होतं. नाला ओलांडला आणि समोर सगळं वावर निळं झालेलं दिसलं. जवस फुललं होतं. निळ्या रंगाचं असं वावर मी अमरावतीला कधी पाहिलेलं नव्हतं. वारा आला की ते सगळं एकदम हलायचं. माझं रीळ संपलेलं होतं, म्हणून नुसतं उभं राहून पाहिलं. मन हलकं झालं. ते मन घेऊनच मी घरी आले आणि चुलीपाशी बसता बसता सांगून टाकलं, "नाल्याकाठी काय सुरेख जवस फुललंय हो! बाभळीपाशी तर डोळा ठरत नाही. उद्या फोटो घ्यायला तिथेच जाणार आहे."

विहीणबाईंच्या हातातली भाकर परातीतच राहिली. किसनराव दारात पाय धूत होते. तांब्या तसाच हातात धरून ते खाली बघत राहिले. कुसुम उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

मला काही कळेना. विहीणबाईंनी पदराने हात पुसले.

"तठीच ठेवलं त्याले," त्या म्हणाल्या. "त्या बाभयीपाशी. तुमाले काय ठाव? बाया जात नाईत तिकडं. तिनं पाह्यलंच नाई ते अजून."

इतकी लहान मुलं जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला पुरुष जातात. हे मला ठाऊक होतं. पण नाल्याकाठचं ते वावर आमच्याच जावयांचं, हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी जेवले नाही. डोळे मिटले की ते निळं वावर हलताना दिसायचं, आणि ते सुंदरच दिसायचं. तेच मला सोसेना.

दुसऱ्या पहाटे मी आवाज न करता पेटी उचलली. बाहेर अंगणात कुसुम उभी होती. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला, खांद्यावर माझी तिपाई.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिथेच. तू फोटो काढणार होतीस ना?"

मागून कडी वाजली. विहीणबाई दारात आल्या होत्या. मला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडल्या तर मी काय म्हणणार होते? त्या खाली उतरल्या, आपल्या अंगावरची शाल काढली आणि सुनेच्या खांद्यांवर टाकली.

"दव हाये," त्या म्हणाल्या. "पाय वल्ले नोको करू."

आम्ही नाल्याकाठी पोचलो तेव्हा उजाडत होतं. वावर निळं नव्हतं. हिरवंकरडं, दवाने जड झालेलं, मुकं. कुसुम थबकली.

"तू म्हणालीस निळं आहे."

"जवसाचं फूल ऊन लागल्याशिवाय उघडत नाही. आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. थांबावं लागेल."

बांधावर शाल अंथरून आम्ही दोघी बसलो. लांब तलावाकडे करकोच्यांचा कालवा सुरू होता. ती बाभळीकडे बघत होती. मीही. ओळखू येईल असं तिथे काही नव्हतं, दगड नाही, काटेरी फांद्या नाहीत. पावसाने सगळं सपाट केलं असावं.

"तू काढलेला फोटो माझ्या पेटीत आहे," ती एकाएकी म्हणाली. "मी बघत नाही तो. त्यात तो तीन महिन्यांचा आहे. तुझ्या मांडीवर, तुझ्या घरात. इथला तो त्यात नाहीच, आई. इथे तो रांगायला लागला होता. चुलीपर्यंत जायचा. आत्याबाई (सासूबाई) ओरडल्या की हसायचा. हे वावरातून आले की ह्यांच्या पागोट्याचं टोक तोंडात धरायचा. ते तू कुठं पाहिलंस?"

"नाही पाहिलं," मी म्हणाले.

"मग तू मला घरी चल म्हणतेस, तर तिथे मी कुणाजवळ बोलू त्याचं? तुम्हाला तो आठवेल तोसुद्धा वेगळाच."

मी तिचा हात हातात घेतला. राखेने चिरलेली बोटं होती. तिने हात काढून घेतला नाही.

ऊन आलं. आधी बाभळीच्या शेंड्यावर, मग खाली वावरात, आडवं, पिवळं. दव चमकायला लागलं आणि बघता बघता एकेक फूल उघडू लागलं. आडव्या उन्हात पेरणीच्या ओळींच्या सावल्या उठून दिसायला लागल्या, तेव्हा मला ते दिसलं. ओळी बांधापासून सरळ येत होत्या, आणि बाभळीजवळ येऊन वळत होत्या. एक छोटीशी जागा मध्ये सोडून, तिला वळसा घालून पुन्हा सरळ होत होत्या. सोडलेल्या जागेत पेरणीची तिफण गेलेली नव्हती. कडेचं जवस वाढून तिच्यावर वाकलं होतं, म्हणून उभ्या नजरेला ती कळत नव्हती.

मी काही म्हणण्याआधी कुसुम उठली होती. तिनेही पाहिलं होतं. ती पिकाला पाय न लावता ओळींच्या कडेकडेने गेली आणि त्या वळणापाशी खाली बसली.

"ह्यांनी तासं (पेरणीच्या ओळी) वळवली," ती म्हणाली. "कुणाला बोलले नाहीत. मलाही नाही." आणि मग तळहात जमिनीवर ठेवून, "एवढीशीच जागा लागली गं त्याला."

त्यानंतर ती रडली. मोठ्याने, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. मी जवळ जाऊन बसले. भाद्रपदात मी तिथे असते तरी दुसरं काय करू शकले असते? पलीकडच्या वावरातली आंब गोळा करणारी बाई उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि पाठ वळवून आपल्या कामाला लागली. तिचे मी मनात आभार मानले.

खूप वेळाने कुसुमने डोळे पुसले. "काढ आता," म्हणाली. "गळायच्या आत."

मी तिपाई लावली. कॅमेरा खाली आणला, इतका खाली की ओळींचं वळण पूर्ण धरता यावं. तिला बोलावून काच दाखवली. ती वाकून पाहत राहिली.

"ह्यात निळं दिसतंय."

"काचेत दिसतं. कागदावर यायचं नाही. निळा रंग पांढुरकाच येतो."

तिने जरा विचार केला. "येऊ दे. मी सांगेन निळं होतं म्हणून."

खटका तिनेच दाबला.

घरी परतलो तेव्हा किसनराव बैलांना वैरण टाकत होते. कुसुम त्यांच्यापाशी गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की वैरणीची पेंढी त्यांच्या हातून खाली पडली आणि ती उचलायला दोघंही वाकली नाहीत. मी आत निघून गेले.

पुढे मी आणखी थोडे दिवस राहिले. कुसुम काही एकदम हसायला-खेळायला लागली नाही. पण एकदा भाकरी थापताना विहीणबाईंना म्हणाली, "बाळू तुमच्या आवाजाले हसायचा, नाई?" आणि विहीणबाईंनी तोंडावर पदर धरला आणि मान हलवली. मी पुन्हा चल म्हणून विचारलं नाही. निघायच्या दिवशी तिने माझ्या डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी बांधली, दमणीपर्यंत आली. "बाबांना सांग, वेचणी झाली की येईन भेटायला," म्हणाली. भेटायला, असं म्हणाली. राहायला नाही. दमणी वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. ती घरात गेली होती. कामं पडली असणार.

येताना मोटार कुठे बंद पडली नाही. मी खिडकीशी बसले होते. ज्वारीची कापणी लागली होती, उघडी वावरं मागे पडत होती. मी लेकीला आणायला गेले होते आणि एकटी परत येत होते, आणि तरी रिकाम्या हाताने परततेय असं वाटत नव्हतं. दुःख कमी झालं नव्हतं. ते आता मला नीट दिसत होतं, एवढंच. मूल लहान असतं तेव्हा पडलं की उचलून कडेवर घेता येतं. मग ते मोठं होतं, त्याचं घर होतं, त्याचं दुःखही त्याच्या घरचं होतं, आपण न पाहिलेल्या दिवसांचं. ते उचलता येत नाही. ऊन येईपर्यंत शेजारी बसता येतं. मला तलावाकाठी बसून बसून जे थोडं थांबायला जमू लागलं होतं, ते त्या बांधावर उपयोगी पडलं, असं आता वाटतं.

घरी पोचले तेव्हा हे दारातच उभे होते. माझ्या मागे कुणी नाही हे त्यांनी पाहिलं आणि पेटी हातातून घेतली. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघं अंधारखोलीत गेलो. रीळ धुतलं. करकोचे चांगले आले होते. मग मी जवसाचा फोटो कागदावर घेतला. तांबड्या दिव्याखाली रसायनाच्या पाण्यात तो हळूहळू वर आला, आधी बाभळीचं खोड, मग ओळी, मग ते वळण. फुलं पांढरीच होती.

"हे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं. किसनरावांनी तासं कशी वळवली तेही सांगितलं. कागद चिमट्याने उचलून दोरीवर लावला. गिऱ्हाइकांचे फोटो हे हाताने रंगवतात, त्यांतले शालू आणि शेले. त्यांनी फळीवरची रंगांची पेटी घेतली, निळी वडी काढली. "वाळला की रंगवतो. कुठला निळा होता?"

"राहू द्या," मी म्हणाले. "निळं होतं हे ती सांगणार आहे."

त्यांनी वडी परत ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फोटोच्या अगदी जवळ गेले. मग त्यांनी हात वर केला आणि बोट त्या वळणावरून फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. ओल्या कागदाला बोट लावताना मी त्यांना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.